हेन हॅरियर वाचवायचा: खाऊ घालून की पिल्ले हलवून?

ब्रिटनच्या माळांवर १२ ऑगस्टला रेड ग्राउस या तितरासारख्या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. हेन हॅरियर हा शिकारी पक्षी ग्राउसची पिल्ले खातो, म्हणून कायद्याचे संरक्षण असूनही त्याला मारले जाते. (हिवाळ्यात आपल्या माळरानांवर येणारा फिकट भोवत्या त्याचाच भाऊबंद.)

तोडगे दोन. पहिला, खाऊ घालण्याचा. घरट्याजवळच्या खांबावर मेलेली कोंबडीची पिल्ले आणि पांढरे उंदीर ठेवायचे. मादी तेच उचलून नेते. स्कॉटलंडमधल्या लँगहोमच्या माळावर हे करून पाहिले, तेव्हा घरट्यात जाणारी ग्राउसची पिल्ले खूपच घटली. तरी तिथे ग्राउस मोठ्या शिकारीपुरते वाढले नाहीत. शिकारवाले त्यावर बोट ठेवतात आणि ते खोटे नाही.

दुसरा इंग्लंडमधला, २०१९ पासून काही हंगाम चाललेला. हॅरियरची घरटी दाट झाली की त्याची पिल्ले उचलायची, पिंजऱ्यात वाढवायची, मोठी झाली की सोडायची. ग्राउसच्या ऐन विणीत माळावरचा ताण कमी होतो आणि मालकाला हॅरियरची धास्ती उरत नाही, हा त्यामागचा हिशेब. इंग्लंडमध्ये घरटी वाढलीही. पण सोडलेले पक्षी त्याच बंदुकांच्या टापूत जातात.

मला पहिलाच मार्ग पटतो. त्यात कष्ट शिकार करणाऱ्याच्या माथी येतात आणि पिल्ले आईपाशी राहतात. बेकायदा हत्येवर मात्र दोन्हींकडे औषध नाही. त्यासाठी स्कॉटलंडने २०२४ च्या कायद्यात ग्राउसच्या शिकारीला परवाना सक्तीचा केला, हे उत्तम झाले.