रेवस-रेडी सागरी मार्ग: एक मोसम वापरून झाल्यावर

दिवाळीनंतर या रस्त्यावर फिरायला सुरुवात केली तेव्हाच ठरवलं होतं, घाईने काही लिहायचं नाही. पहिल्या फेरीत कोकण सगळ्यांनाच आवडतं. आता उन्हाळा लागलाय, गाडीखाली वेल्ड केलेला सायलेन्सर आहे आणि गॅरेजवाल्याचं बिल अजून पाकिटात आहे. म्हणजे लिहायला हरकत नाही.

रायगडमधल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत किनाऱ्याने जाणारा हा मार्ग मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून कसा रखडत आलाय, हे पुन्हा सांगत नाही. खड्ड्यांबद्दलही नाही. ज्याला खड्डे नकोत त्याने घरी बसावं. पुण्याहून जमेल तसे तुकडे पाडून आम्ही उतरलो: कधी ताम्हिणीतून श्रीवर्धन, कधी थेट दापोली, एकदा सुट्टी जोडून मालवणपर्यंत. गाडी जुनी, छोटी, पेट्रोलवरची. माणसं चार, त्यात बाबा पुढच्या सीटवर.

आता मुद्द्याचं. या मार्गाबद्दल जो तो समुद्र, सुरूची बनं आणि मासे यांच्याबद्दल लिहितो. खाडीपार गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीच्या रॅम्पबद्दल कोणी लिहीत नाही. एका खाडीवर (नाव घेत नाही, सगळीकडे कमीअधिक हेच आहे) आम्ही संध्याकाळी साडेसहाला पोचलो. पाणी पार खाली गेलेलं. धक्क्याचा उतार एरवी निम्मा पाण्याखाली असतो, तो सगळा उघडा पडलेला, खालच्या टप्प्यावर हिरवं शेवाळ. बोटीचा लोखंडी रॅम्प त्याच्या टोकाला टेकलेला, आणि उतार व रॅम्प जिथे भेटतात तिथे चक्क खोबण. मोठ्या गाड्या धाडधाड निघून गेल्या. आमच्या वेळी खलाशी नेहमीसारखा ओरडत होता, "येऊ दे, येऊ दे, बिनधास्त!" पुढची चाकं चढली, पोट टेकलं आणि चर्रर्र असा आवाज आला की मागे बसलेल्या पोरानेसुद्धा मोबाइलमधून मान वर काढली. मग दोन फळ्या आणून चाकांखाली घातल्या. त्या फळ्या तिथेच, कठड्याला टेकून ठेवलेल्या होत्या. आधी का घातल्या नाहीत, या प्रश्नाला उत्तर आलं ते असं: "काल अमावस्या झाली ना काका. सुकती मोठी आहे आज." सुकती म्हणजे ओहोटी.

सायलेन्सरचं वेल्डिंग, एक रबरी हँगर आणि इंजिनखालचं संरक्षक आवरण मिळून तीन हजारांच्या वर गेले. त्या दिवशी या मार्गाला माझ्याकडून पाचपैकी दीड तारा होता.

बाबांनी मात्र गाडीतच हिशेब काढला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. प्रतिपदेला पाऊण वाजता, चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. पंधरवडा शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच, आणि दिवसातून दोनदा लागू. त्याच्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी फारसं हलत नाही. हा ठोकताळा मुंबई-अलिबागच्या बाजूला बरा जमतो. दक्षिणेला गेलं की वेळ थोडी अलीकडे सरकते आणि पाण्याची चढउतारही कमी होत जाते. थोडक्यात, प्रतिपदेला संध्याकाळी साडेसहाला कमी उंचीची गाडी घेऊन धक्क्यावर जाणं म्हणजे पोट घासण्याची वेळ ठरवून जाणं.

तेव्हापासून आमच्या सहलीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवरून ठरते. आधी तिथी, मग सुट्टी, मग हॉटेल. बायको म्हणते, आपण फिरायला चाललोय की मुंज काढतोय? पण फरक पडला. अष्टमी-नवमीच्या आसपास गेलो की रॅम्पची चिंता जवळजवळ संपते. आणि अलिबागसमोरच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर चतुर्थी-पंचमी धरा, सकाळी साडेनऊच्या आसपास ओहोटी मिळते. उशीर करू नका. परतताना पाणी वाट बघत नाही.

इथे माझं मतही थोडं सरकलं. सुरुवातीला वाटायचं, किल्ले बघायला आलोय आणि मध्येमध्ये या खाड्या कडमडतात. नकाशा नीट बघितला तर उलटं आहे. किल्ले खाड्यांसाठीच आहेत. कुंडलिकेच्या तोंडावर एका काठाला रेवदंडा, समोर कोर्लई, दोन्ही पोर्तुगीजांचे. राजपुरीच्या खाडीत जंजिरा. सावित्रीवर बाणकोट, जो 1756 मध्ये इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचं फोर्ट व्हिक्टोरिया करून टाकलं. वाशिष्ठीवर अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीवर जयगड, वाघोटणवर विजयदुर्ग. जहाज भरतीवर आत शिरणार, वर बंदरात माल उतरवणार, म्हणजे जकात मुखाशीच वसूल करायची आणि शत्रूला तिथेच अडवायचं. मी ज्या पाण्यावर चिडत होतो, त्याच्याच जोरावर ही सगळी बांधकामं उभी राहिली. विजयदुर्गाजवळ गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला जुनी आरमारी गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं, पाणी उतरलं की दुरुस्तीला लागायचं. त्यांना सुकती हवी असायची. माझ्या गाडीलाही शेवटी तिनेच दुरुस्तीला लावलं, पण ते असो.

तिकिटाचंही एक सांगतो, कारण आमच्या घरात ते महत्त्वाचं. गाडीचे पैसे ऐकून पहिल्यांदा मी कुरकुरलो होतो. पण दाभोळहून धोपाव्याला बोटीने पाण्यातला वेळ मोजून काही मिनिटांचा, आणि बोट सोडली तर चिपळूणचा वळसा. पेट्रोल धरलं तर बोट स्वस्तच. जयगडच्या खाडीवर, आगरदांडा-दिघीला, बागमांडला-वेसवीला तेच. फक्त रांग लागली तर गाडी बंद करा. एसी चालू ठेवून धक्क्यावर उभे राहणारे लोक बघितले की मला अस्वस्थ होतं.

बाकी किल्ल्यांबद्दल भराभर. कोर्लई: चढ थोडा, डोंगराची सोंड समुद्रात घुसलेली, आणि खालच्या गावात पोर्तुगीज वळणाची स्वतःची बोली अजून बोलतात. सगळ्या मार्गावरची माझी आवडती जागा. जंजिरा: तोफ बघायला मिळते, किल्ला बघायला मिळत नाही, कारण होडी परत निघायची वेळ झालेली असते. हर्णै: सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरून बघून लोक परततात, समोरच कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला पायाखाली आहेत, ते कोणी विचारत नाही. रत्नागिरीचा थिबा पॅलेस किल्ला नाही, पण चुकवू नका. 1885 मध्ये राज्य गेलेल्या ब्रह्मदेशच्या राजाला इथे आणून ठेवलं, राजवाडा 1910 साली पुरा झाला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. सिंधुदुर्ग: 1664 साली बांधकाम सुरू, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड पाण्याच्या विहिरी, दूध, दही आणि साखर अशा नावांच्या. बाबा तिथे पाणी बघत इतका वेळ उभे राहिले की होडीवाला बोलवायला आला.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार याच किनाऱ्यावरचे. फलक वाढतील, गर्दीही वाढेल. धक्क्यावर भरती-ओहोटीची रोजची वेळ खडूने लिहिलेली एक साधी पाटी मात्र मला अजून कुठे दिसलेली नाही. तिला युनेस्को लागत नाही.

खाड्यांवर पूल व्हायचं घाटत आहे. झाले की रॅम्पचा प्रश्नच मिटेल, आणि माझ्यासारख्याला बरंच वाटायला हवं. पण गंमत अशी की परवा बोटीत इंजिन बंद करून उतरलो, कठड्याला टेकलो, समोर खाडीचं तोंड आणि वर तटबंदी, तेव्हा पूल उशिरानेच झालेला बरा असं वाटून गेलं. बाबांना म्हटलं तर ते म्हणाले, आधी स्प्रिंगखाली पॅड टाकून गाडी वर घे.

चौकशी केली. चार पॅडचे पैसे आणि मजुरी धरून सायलेन्सरच्या निम्म्यात काम होतंय. पावसाळ्यात तसंही जलदुर्गांच्या होड्या बंद असतात, तेव्हा करून घेईन. तारे सध्या साडेतीन; अर्धा तारा त्या कठड्याला टेकवून ठेवलेल्या फळ्यांसाठी कापलाय आणि तो परत देणार नाही.