कृत्रिम बुद्धिमत्तेचा पहिला पेपर: सुरुवात शोधापासून करावी की विदेपासून?

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा विषय ज्यांच्या वाट्याला येत्या सत्रात पहिल्यांदाच आला आहे, त्यांना तीन श्रेयांकांच्या हिशेबाने कागदावर ४५ तास मिळतात आणि सुट्ट्या, चाचण्या व महाविद्यालयाचे कार्यक्रम वजा जाता हाती जेमतेम ३८-४० उरतात. एवढ्यात सगळा विषय मावत नाही, त्यामुळे तो कोणत्या टोकाने उचलायचा हे आधी ठरवावे लागते. विद्यापीठाचा अभ्यासक्रम छापील असला, तरी कोणत्या घटकाला किती तास द्यायचे, प्रात्यक्षिकांत काय करून घ्यायचे आणि पहिल्या दिवशी फळ्यावर काय मांडायचे, हे बहुतेक ठिकाणी शिकवणाऱ्याच्याच हाती असते. मी हा विषय दोन्ही टोकांनी शिकवला आहे: शोधापासून (सर्च, म्हणजे शक्य त्या पायऱ्या धुंडाळत यंत्राने उत्तरापर्यंत पोहोचणे) आणि विदेपासून, म्हणजे डेटापासून.

पहिली वाट जुनी आहे: आधी शोध, मग खेळ, तर्क आणि संभाव्यता, आणि शेवटी जमेल तेवढे मशीन लर्निंग, म्हणजे यंत्राने विदेवरून शिकणे. स्टुअर्ट रसेल आणि पीटर नॉर्व्हिग यांच्या ज्या पाठ्यपुस्तकाची पहिली आवृत्ती १९९५ मध्ये निघाली, त्याचा क्रम साधारण हाच आहे, आणि २०२० च्या चौथ्या आवृत्तीत डीप लर्निंगला (अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कने शिकण्याला) स्वतंत्र प्रकरण मिळाले, तरी शोध आपल्या जागेवरून हललेला नाही. अमेरिकेतील बर्कलीच्या विद्यापीठातील, पॅकमॅन या व्हिडिओ गेमवर आधारलेली प्रसिद्ध प्रात्यक्षिके याच परंपरेतली. आपल्याकडे एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या उपक्रमात आयआयटी मद्रासच्या दीपक खेमानी यांची व्याख्यानेही शोधालाच मध्यभागी ठेवतात.

दुसरी वाट विदेपासून निघते. २०१२ च्या इमेजनेट या चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत एका न्यूरल नेटवर्कने (उदाहरणांवरून शिकणाऱ्या, थरांनी जोडलेल्या गणिती जाळ्याने) चुकांचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर आणले, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा संघ २६ टक्क्यांच्या आसपास होता. तेव्हापासून पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांकडून एखादे मॉडेल (विदेवरून शिकलेला प्रोग्राम) चालवून घ्यायचे आणि गणित मागाहून उलगडायचे, ही पद्धत जोर धरू लागली. विद्यार्थ्यांना ती आवडते, कारण ज्या गोष्टींमुळे ते हा विषय निवडतात, त्या पहिल्याच दिवशी पडद्यावर हलताना दिसतात.

पहिल्या वाटेचे मोठे बळ हे की यंत्राची प्रत्येक पायरी हाताने करून पाहता येते. आठ अंक आणि एक रिकामे घर असलेले सरकते कोडे घ्या. तीन बाय तीनच्या चौकटीत ९! म्हणजे ३,६२,८८० मांडण्या शक्य असतात, पण कोणत्याही एका मांडणीपासून निघाल्यास त्यांतल्या बरोबर निम्म्या, म्हणजे १,८१,४४०, गाठता येतात. मी प्रात्यक्षिकाच्या तासाला मुद्दाम अशी मांडणी देतो, जिच्यात सगळे अंक जागच्या जागी असून फक्त ७ आणि ८ यांची अदलाबदल झालेली आहे. प्रोग्राम चालू लागतो, एक लाख ऐंशी हजारांहून अधिक मांडण्या तपासतो आणि हात टेकतो. वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाला आधी वाटते की आपलाच कोड चुकला, आणि पुढची वीस मिनिटे सगळे चूक शोधण्यात घालवतात. त्यानंतर फळ्यावर उलटापालटीची सम-विषमता मांडली, की उत्तर नसणे हेही सिद्ध करण्याजोगे उत्तर असते, ही गोष्ट नुसत्या व्याख्येने जितकी उतरली नसती तितकी उतरते. याच कोड्यावर ‘किती अंक चुकीच्या जागी आहेत’ आणि ‘प्रत्येक अंक आपल्या जागेपासून किती घरे दूर आहे’ असे दोन अंदाज शेजारी-शेजारी चालवून पाहिले, की ए-स्टार, म्हणजे अशा अंदाजाच्या मदतीने सर्वांत छोटी वाट शोधण्याची पद्धत, शिकवताना निम्मे बोलणे वाचते.

दुसऱ्या वाटेवर अशी पायरी-पायरीची पारदर्शकता मिळत नाही, पण तिथे वेगळेच काही हाती लागते. नेपाळमधील संशोधकांनी तयार केलेला देवनागरी हस्ताक्षरांचा एक संच खुला उपलब्ध आहे. त्यात ९२,००० चित्रे असून ती ४६ वर्गांत, म्हणजे ३६ व्यंजने आणि १० अंक अशी, विभागलेली आहेत. प्रत्येक चित्र ३२ बाय ३२ बिंदूंचे आहे, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या साध्या संगणकावरही मॉडेल शिकवून होते, आणि जीपीयूचा (अशा आकडेमोडीसाठीच्या वेगवान चिपचा) जो बाऊ केला जातो त्याची पहिल्या पेपरात फारशी गरज पडत नाही. अचूकता झटपट वर जाते व वर्ग खूश होतो. मग विद्यार्थ्यांना आपापल्या वहीत ‘ळ’ लिहून त्याचे चित्र मॉडेलला द्यायला सांगावे. त्या ३६ व्यंजनांत ळ नाहीच. मॉडेल मात्र ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणू शकत नाही. त्याला शंभर टक्के विश्वास त्या ४६ वर्गांतच वाटून टाकायचा असतो, म्हणून ते ळ ला बिनदिक्कत दुसरे एखादे अक्षर ठरवते. मराठी वळणाचे ल आणि श दिले की आणखी गंमत होते. ज्यांच्या आडनावातच ळ आहे ते विद्यार्थी हा तास विसरत नाहीत, आणि शिकवण्यासाठी वापरलेल्या विदेत जे नाही ते यंत्राच्या जगातच नसते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

गणिताच्या बाबतीत फरक सरळ आहे. शोध आणि तर्क यांना मोजणी व थोडी संभाव्यता पुरते, तर न्यूरल नेटवर्कला मॅट्रिक्स आणि आंशिक विकलन लागते, जे आपल्या विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षी गुणांपुरते केलेले असते आणि पुढच्या जूनपर्यंत विसरलेले असते. त्यासाठी किमान चार तास राखून ठेवावेत.

मूल्यमापनाचा प्रश्न मात्र नाजूक आहे. पहिल्या वाटेवर प्रश्नपत्रिका काढणे सोपे जाते: खेळातल्या चालींचा एक वृक्ष द्यावा आणि अल्फा-बीटाने (निरुपयोगी चाली न तपासताच सोडून देण्याच्या पद्धतीने) कोणत्या फांद्या छाटल्या जातील ते विचारावे. पण त्याच सोपेपणामुळे त्याच त्या वृक्षांची घोकंपट्टी होते, आणि प्रात्यक्षिकांची तयार उत्तरे इंटरनेटवर पडलेली असतात. दुसऱ्या वाटेवर विदा वर्गातच गोळा केली, तर नक्कल अवघड होते. पण सत्तर जणांच्या वर्गाची सबमिशन्स तपासताना कोड कोणी लिहिला, विद्यार्थ्याने की चॅटबॉटने, हे जर्नल पाहून कळत नाही. दोन्हीकडे उपाय तोंडी परीक्षेचाच आहे, आणि तिला लागणारा वेळ सुरुवातीलाच वेळापत्रकात धरलेला बरा.

शोध आता जुनाट झाला, असा एक आक्षेप हमखास ऐकू येतो. २०१६ मध्ये ‘गो’ या पटावरच्या खेळात अव्वल खेळाडू ली सेडोलला ४-१ ने हरवणारे अल्फागो हे प्रोग्राम न्यूरल नेटवर्कवर जितके उभे होते, तितकेच वृक्षशोधावरही. म्हणून हा आक्षेप मला पटत नाही. जुनाट झाले आहे ते दुसरेच काही: तज्ज्ञ प्रणालींवरचे (तज्ज्ञाचे ज्ञान नियमांत लिहून काढणाऱ्या प्रोग्रामांवरचे) सहा-सहा तास आणि प्रोलॉग या तर्कावर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेतले आजी-आजोबांचे नातेसंबंध. तिथे निःसंकोच कात्री लावावी.

तुमचे विद्यार्थी संगणक शाखेचे असतील आणि मशीन लर्निंगचा स्वतंत्र पेपर त्यांना पुढे असेल, तर पहिली वाट घ्यावी, शोध आणि खेळांना पंधरा तास द्यावेत, तर्क पाच तासांत आटोपावा आणि उरलेला वेळ संभाव्यतेला द्यावा, कारण पुढचा पेपर तिच्यावरच उभा राहतो. मात्र यंत्र, स्थापत्य, वाणिज्य किंवा भाषा विभागाच्या ज्या विद्यार्थ्यांसाठी हा या विषयाचा एकमेव पेपर असेल, त्यांना विदेपासूनच न्यावे. सरकते कोडे त्यांनी पाहिले नाही तरी चालेल, पण ळ चा तास चुकता कामा नये. वर्ग मिश्र असेल, तर मी पहिले दोन आठवडे कोड्याला देतो आणि तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी सगळ्यांना कोऱ्या कागदावर दहा वेळा ळ लिहून आणायला सांगतो.