सेफ्टी शूज: ठेकेदाराने दिलेला जोड आणि पदरच्या पैशांनी घेतलेला जोड

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत मी ठेकेदारामार्फत काम करतो. मशिन शॉपमध्ये माझी ड्युटी ज्या ठिकाणी असते, तेथील फरशी कूलंट (मशिन थंड ठेवणारा द्रव) आणि तेलाने कायम ओलसर असते आणि मशिनमधून उडणारी लोखंडी चिप, म्हणजे धातूचा कीस, कितीही झाडली तरी बुटाच्या तळव्यात रुततेच. अशा जागी आठ तास, ओव्हरटाइम लागला तर बारा तास, उभे राहणाऱ्या माणसाला पायांतल्या बुटाचा विचार जेवणाच्या डब्याइतकाच गांभीर्याने करावा लागतो. दोन्ही प्रकारचे जोड त्याच फरशीवर वापरून झाल्यामुळे हे परीक्षण लिहीत आहे.

पहिला जोड ठेकेदाराच्या ऑफिसमधून मिळाला. माझा नंबर सात, पण शिल्लक फक्त आठ नंबरचे जोड होते, त्यामुळे दोन मोजे घालून दिवस काढले. बूट मोठा असला की बोटांच्या रक्षणासाठी पुढे बसवलेली लोखंडी टोपी बोटांच्या पुढे राहण्याऐवजी चालताना बोटांच्या सांध्यावर दाबते आणि महिन्याभरात तेथे घट्टा पडतो. बुटाच्या जिभेवर नंबर आणि एक अस्पष्ट शिक्का यांखेरीज काहीही छापलेले नव्हते. तळवा एकाच थराचा, कडक आणि जवळजवळ सपाट होता. कूलंट सांडलेल्या जागी पाऊल टाकताना मी मशिनचा आधार शोधत असे. चौथ्या महिन्यात उजव्या बुटाचा तळवा पुढून उकलला. गेटवरचा सिक्युरिटी गार्ड बूट काळा आहे आणि नाडी बांधलेली आहे एवढेच पाहतो, त्यामुळे सुतळीने बांधलेल्या त्या बुटावरही मला आणखी आठवडाभर रोज आत सोडण्यात आले.

दुसरा जोड मी भोसरीतील औद्योगिक सामानाच्या एका दुकानातून १,६५० रुपयांना घेतला. दुकानदाराने प्रथम जिभेच्या आतला छाप वाचायला लावला, आणि हा धडा बुटाइतकाच उपयोगी ठरला. सेफ्टी शूजसाठी भारतीय मानक आयएस १५२९८ हे आहे, पण त्याचे भाग वेगवेगळे आहेत. भाग २ मधील बुटाच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सहन करावा लागतो, म्हणजे ढोबळमानाने २० किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडल्यासारखा. भाग ३ मध्ये हाच आकडा १०० ज्यूल आहे, तर भाग ४ च्या बुटाला संरक्षक टोपीची अटच नाही. बाहेरून हे तिन्ही सारखेच काळे आणि सारखेच जाड दिसतात. त्यामुळे ‘आयएसआय आहे’ एवढ्यावर न थांबता भागाचा आकडा पाहावा, आणि छापातील परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकून तो खरा आहे का हेही तपासावे. दुकानातच दोन मिनिटांत हे काम होते. माझ्या जोडावर भाग २ सोबत ‘एस१पी’ असे लिहिलेले होते. त्यातील ‘पी’ म्हणजे तळव्यात टोकदार वस्तू घुसू नये यासाठी बसवलेला थर, आणि चिपच्या फरशीवर काम करणाऱ्याने तो असल्याशिवाय बूट घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच प्रतीचे बूट अनेक कारखाने बनवतात आणि छाप वाचून घेतला तर नावाने फारसे अडत नाही.

वापराचा अनुभव चांगला आहे. तळवा दोन थरांचा आहे, आतला मऊ आणि बाहेरचा टणक, त्यामुळे सेकंड शिफ्ट संपवून रात्री खोलीवर परतताना टाचा पूर्वीसारख्या ठणकत नाहीत. तेलावर पकड चांगली राहते. मात्र खाचांमध्ये चिप भरली की ती पकड जाते, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी खिळ्याने खाचा मोकळ्या कराव्या लागतात. वजन जाणवते. पावसाळ्यात कातडे भिजले की दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला सकाळी सहाच्या आधी ते कडक आणि गार झालेले असते. रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबणे हाच त्यावर उपाय. आतली गादी चार महिन्यांत चपटी झाली आणि ती मी बदलली. या किमतीत गादी तरी बरी द्यायला हवी होती.

आणखी एक दोष या जोडाचा नसून पीयू (पॉलियुरेथेन) तळव्याचा आहे. दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिला की हा तळवा आतून कुजतो. माझ्या भावाचा जवळजवळ कोरा जोड गावी माळ्यावर चार वर्षे होता. तो घालून अंगणात दहा पावले टाकताच तळव्याचा भुगा झाला. म्हणून स्वस्तात मिळणारा जुना माल घेऊ नये. बनवल्याचा महिना आणि वर्ष बुटावर छापलेले असते.

चौदाव्या महिन्यात ट्रॉलीवरून नऊ किलोचे कास्टिंग डाव्या पायावर पडले. बोटांना काही झाले नाही, पण टोपीला पोचा पडला. एकदा दबलेली टोपी पुन्हा तेवढाच आघात झेलेल याची खात्री नसते, त्यामुळे शिवण शाबूत असूनही तो जोड मी बाद केला आणि तसाच दुसरा आणला.

आता किमतीविषयी. ठेकेदाराचा जोड फुकट असतो असा समज आहे. माझ्या पगारपत्रकात पीएफचे १२ टक्के आणि ईएसआयचे ०.७५ टक्के यांच्याखाली ‘इतर कपात’ म्हणून ४५० रुपये होते, आणि चौकशी केल्यावर ते बुटांचे असल्याचे समजले. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ११४ नुसार कायद्याने द्यावयाच्या साधनांसाठी कामगाराकडून पैसे घेता येत नव्हते. तो आधार घेऊन मी सुपरवायझरकडे विचारणा केली. त्यांनी ठेकेदाराकडे बोट दाखवले आणि ठेकेदाराच्या माणसाने कंपनीकडे. पैसे परत मिळाले नाहीत. हिशेब मात्र बोलका आहे: ४५० रुपयांचा जोड चार महिने टिकला, म्हणजे महिन्याला सुमारे ११२ रुपये; १,६५० रुपयांचा चौदा महिने, म्हणजे सुमारे ११८ रुपये. अडचण एवढीच की १,६५० रुपये एकदम काढावे लागतात, आणि सात महिन्यांनी ब्रेक मिळणार, म्हणजे काही काळ कामावरून कमी केले जाणार, हे माहीत असलेला मुलगा ते काढायला धजावत नाही.

मलाही मध्ये ब्रेक मिळाला आणि परतलो तो दुसऱ्या ठेकेदाराकडे. त्यानेही एक जोड दिला, पुन्हा आठ नंबरचाच आणि पुन्हा पगारातून पैसे कापून. तो मी लॉकरमध्येच ठेवला. पुढच्या ब्रेकच्या दिवशी जमा करायच्या वस्तूंच्या यादीत गेटपास, लॉकरची किल्ली आणि सेफ्टी शूज अशी नोंद होती. मी तो कोरा जोड टेबलावर ठेवला. क्लार्कने माझ्या पायांतल्या जोडाकडे एकदा पाहिले आणि सही करून दिली.