परदेशी राहायचं तर मूल कडेवर असताना की शाळेत जाताना?

आम्ही परदेशी राहायला गेलो तेव्हा आमची धाकटी अडीच वर्षांची, थोरला आठचा. घर तेच, शहर तेच. दोघांचा परदेश मात्र पार वेगळा.

कडेवरचं मूल नेणं सोपं. ना शाळा सुटते, ना मित्र. आईबाबा असतील तिथे त्याचं घर. धाकटी तिथली भाषा बागेतल्या घसरगुंडीवर शिकली आणि आमचेच उच्चार सुधारू लागली! परतल्यावर काही महिन्यांत सगळं पुसलं गेलं. तीन-साडेतीन वर्षांच्या वयाआधीचं मोठेपणी सहसा आठवत नाहीच. फोटो दाखवला की विचारते, "ही मी?" तिची ती वर्षं खरं तर आमच्याच वाट्याला आली, आणि फार गोड होती.

थोरल्याचं उलट. सुरुवातीला वर्गात तोंडच उघडेना. नव्या भाषेत पडलेली बरीच मुलं असा मौनाचा काळ काढतात, हे शिक्षिकेने सांगितलं तेव्हा कुठे जिवात जीव आला. भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांच्या मते रोजचं बोलणं साधारण २ वर्षांत जमतं, अभ्यासाच्या भाषेला ५ ते ७ वर्षं लागतात. त्रास झाला खरा, पण त्याला ट्रामचे थांबे आजही क्रमाने पाठ आहेत, तिथल्या मित्राशी तो अजून तासन्‌तास बोलतो.

माझं मत आठ-नऊच्या वयाला. तेरा-चौदाला मात्र नको, तेव्हा मित्र सोडवत नाहीत. लहानग्याला नेणार असाल तर व्हिडिओ भरपूर काढा, आवाजासकट.