रोटरच्या आवाजाचा अभ्यास: फ्री-वेक की सीएफडी?

हेलिकॉप्टरच्या रोटरच्या (फिरत्या पात्यांच्या) आवाजावर संगणकीय काम सुरू करायचं आहे, आणि सीएफडी (हवेचा प्रवाह जाळीच्या बारीक घरांत सोडवणारं गणित) घ्यावं की फ्री-वेक (पात्यांमागचे भोवरे मोकळे सरकू देणारं हलकं गणित) यावर अडकला असाल, तर आधी एवढं ठरवा: कमी करायचा आहे तो आवाज कुठला? उतरताना येणारी फटफट, की वेगात उडताना समोर दूरवर पोचणारे ठोके? दोन्हींची कारणं वेगळी, म्हणून हत्यारंही वेगळी.

फटफट येते ती एका पात्याच्या टोकावरून सुटलेल्या भोवऱ्याला दुसरं पातं जाऊन भिडतं तेव्हा. या भोवऱ्याचा गाभा पात्याच्या रुंदीच्या मानाने अगदी बारीक असतो. सीएफडीची जाळी तिथे पुरेशी दाट नसेल, तर भोवरा आकडेमोडीतच विरघळतो. पातं पोचेपर्यंत तो पसरट होऊन जातो आणि आवाज आपोआप कमी दिसतो. मला हा निकाल सगळ्यात घातक वाटतो, कारण पात्याचा नवा आकार तपासताना सुधारणा आकाराची की चूक जाळीची, हेच कळत नाही.

फ्री-वेकमध्ये भोवरा जाळीवर नसतोच. तो तंतूसारखा धरलेला असतो, बाकीच्या भोवऱ्यांच्या प्रभावाने सरकतो, पण जाळीपायी विरत नाही. गणित इतकं हलकं की पात्याचे डझनभर पर्याय साध्या संगणकावर तपासता येतात. मात्र गाभ्याची जाडी आपणच द्यायची असते, आणि आवाजाची तीव्रता त्या आकड्यावर बरीच हलते. तो मोजमापांशी ताडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वेगातल्या ठोक्यांना मात्र फ्री-वेक उपयोगाचं नाही. पुढे जाणाऱ्या पात्याचं टोक ध्वनिवेगाच्या जवळ गेलं की धक्का-लहरी तयार होतात आणि टोकापलीकडच्या हवेतही पसरतात. इथे सीएफडीच हवं. शिवाय प्रवाहावरून दूरचा आवाज काढणारं फॉक्स विल्यम्स–हॉकिंग्ज समीकरण (1969) फक्त पात्याच्या पृष्ठभागावर लावलं तर हवेतला हा भाग सुटतो. पात्याभोवती थोडं दूर, आरपार प्रवाह जाऊ देणारं काल्पनिक पृष्ठ घ्यावं लागतं.

पात्याजवळ सीएफडी आणि मागच्या प्रवाहात भोवरा-कण (भोवऱ्यांचे छोटे, जाळीविना सरकणारे तुकडे), अशी संकरित वाटही आहे. चांगली आहे, पण जोडणी जमवण्यातच बराच काळ जातो. पहिल्याच प्रकल्पाला मी ती सुचवणार नाही.

पद्धत कुठलीही घ्या, वेळेच्या पायरीवर (गणित किती छोट्या टप्प्यांनी पुढे सरकतं त्यावर) काटकसर करू नका. हार्ट-2 या 2001 च्या पवनबोगद्यातल्या प्रयोगाचं उदाहरण घ्या: चार पाती, 2 मीटर त्रिज्या, मिनिटाला सुमारे 1041 फेरे. पात्यांची मूळ वारंवारता, म्हणजे सेकंदाला एका जागेवरून जाणारी पाती, साधारण 69 हर्ट्झ. फटफटीसाठी तिच्या चाळीस पटींपर्यंत बघतात, म्हणजे जवळपास 2800 हर्ट्झ. पातं दर अंश फिरल्यावर एक पायरी घेतली तर त्या वरच्या टोकाला एका लहरीवर जेमतेम सव्वादोन बिंदू येतात. त्यातून दाबाच्या बदलाचा वेग नीट निघत नाही, आणि भाराचा आवाज (पात्यावरच्या बदलत्या दाबाने होणारा) त्या वेगावरच ठरतो. पाव अंशावर आलात तर तिथेच नऊ बिंदू मिळतात.

उतरतानाचा आवाज हाच प्रश्न असेल, तर मी पर्यायांची चाळणी फ्री-वेकने करेन आणि उरलेल्या दोन-तीन पात्यांसाठीच दाट जाळीचं सीएफडी चालवेन. पण नव्या पात्याला हात लावण्याआधी हार्ट-2 ची साधी, आवाज कमी करण्याचा उपाय न वापरलेली चाचणी दोन्हींत उतरवून बघा. या प्रयोगात पात्यांचा कोन प्रत्येक फेऱ्याच्या आतच मुद्दाम जास्तीचा बदलून आवाज कमी केल्याचीही मोजमापं आहेत. तो फरक तुमच्या गणितात उतरला की मगच पात्याचा आकार बदलायला घ्या.