बाबांचा तंबू वास मारतोय: धुवायचा, लेप बदलायचा, छत नवं शिवायचं की जपून ठेवायचा?

दसऱ्याच्या आवराआवरीत माळ्यावरून एक गाठोडं खाली येतं. सोडलं की सगळ्या खोलीत वास पसरतो, आणि घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "टाकून द्या ते." पण त्याच तंबूत आपण लहानपणी राजमाचीला झोपलेलो असतो, बाहेर स्टोव्हवर चहा उकळत असतो. टाकवत नाही आणि वापरवतही नाही.

आमच्याकडे असे दोन तंबू होते. एक मामांचा, जाड सुती कॅनव्हासचा, पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला. दुसरा बाबांचा, नारिंगी नायलॉनचा, दोन माणसांचा. दोघांनाही वास, दोन्ही वर्षानुवर्षं माळ्यावर. मामांचा धुऊन पुन्हा उभा राहिला. बाबांच्या तंबूचं वरचं छत मात्र बदलावं लागलं. दोन्हींवर मिळून जे केलं, जे फसलं आणि जे पुन्हा करीन, ते इथे मांडते.

आधी वास कसला ते ओळखा

माझा सगळ्यात मोठा वेळ इथेच वाया गेला. जुन्या तंबूला दोन वेगळे वास येतात आणि दोघांचे इलाज पूर्ण निराळे आहेत.

पहिला बुरशीचा. पावसाळाभर बंद राहिलेल्या कपाटाला येतो तसा कुबट, ओल्या मातीसारखा. कापडावर काळे-हिरवट ठिपके दिसतात, विशेषतः शिवणींजवळ आणि खालच्या कडेला. तंबू ओलसर असताना गुंडाळला की हे होतं.

दुसरा वास लेपाचा. नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या तंबूला पाणी अडवण्यासाठी आतल्या बाजूने पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. जुन्या तंबूंमधला हा थर हवेतली ओल आणि उष्णता यांनी हळूहळू फुटतो. फुटताना त्यातून आम्ल सुटतं आणि तेच आम्ल पुढची झीज आणखी वाढवतं. त्यामुळे वर्षानुवर्षं काही कळत नाही आणि मग एकदम सगळं चिकट होतं. याचा वास कुबट नसतो, आंबूस असतो. तान्ह्या बाळाने दूध ओकल्यावर दुपट्याला येतो ना, तसाच. मुंबई-कोकणची दमट हवा आणि तापणाऱ्या स्लॅबखालचा माळा, दोन्ही मिळाल्यावर लेप टिकणार कसा?

ओळखायला बोट पुरतं. छताच्या आतल्या बाजूला अंगठा दाबून उचला. चिकटून चरचरत सुटला, किंवा कोंड्यासारखे पांढरट पापुद्रे हाताला लागले, तर लेप गेला. तो कितीही धुतला तरी वास जाणार नाही, कारण वास घाणीचा नाही, लेपाचाच आहे. मी हे न कळता बाबांचा तंबू तीनदा धुतला. वाळला की दोन दिवस बरा वाटायचा, आणि दुपारचं ऊन तापलं की पुन्हा तेच.

कॅनव्हासला असा लेप सहसा नसतो, त्यामुळे तिथे बहुतेक बुरशीच. पण सुती कापडात एक वेगळी भीती आहे. बुरशी नायलॉनचा धागा खात नाही, वरच्या मळावर जगते. सुताचा धागा मात्र ती खाते. म्हणून कॅनव्हास धुण्याआधी खालची कड दोन्ही हातांत धरून जोरात ओढून बघा. फर्र करून फाटली तर कापड कुजलंय, धुऊन काही मिळणार नाही. मामांचा तंबू फक्त एका कोपऱ्यात वीतभर फाटला, बाकी घट्ट होता. त्या वीतभरामुळेच तो वाचवायचा ठरला.

पहिला पर्याय: घरीच धुणं

बुरशीचा वास असेल आणि कापड मजबूत असेल तर हाच पर्याय. खर्च अगदी थोडा, पण एक अख्खा शनिवार-रविवार जातो आणि पुढे वाळवण्याचे दिवस वेगळे.

वॉशिंग मशिनमध्ये घालू नका. पिळताना शिवणी ताणतात, लेप सुटतो. नायलॉनसाठी मोठा टब, कोमट पाणी आणि सौम्य साबण. मी रिठ्याचं पाणी वापरलं, आई रेशमी साड्यांना वापरते तेच. आधी मऊ ब्रशने कोरडी माती झाडून घ्यायची, मग भिजवायचं, मग स्पंजने हलक्या हाताने पुसायचं. त्यानंतर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी असं मिश्रण ठिपक्यांवर लावून तासभर राहू द्यायचं आणि दोन-तीन पाण्यांतून काढायचं. काळे डाग राहतात. त्यांच्या मागे लागू नका, वास गेला की काम झालं.

क्लोरीनचं ब्लीच मात्र नको. डाग जातात, पण धागाही जातो. आणि ब्लीच व व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. अत्तर, फिनेल, डांबराच्या गोळ्या यांनी वास नुसता झाकला जातो, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास मग वर्षभर सोडत नाही. घरात कुणाला दमा असेल तर झाडण्याचं काम त्यांनी करू नये. बाकीच्यांनीही मास्क लावून उघड्यावर करावं, कारण कोरडी बुरशी झटकली की तिची धूळ सरळ छातीत जाते.

कॅनव्हासला साबण शक्यतो नकोच. साबणाचा अंश कापडात राहिला तर पाणी अडवायची ताकद कमी होते. पाण्याची नळी, लांब दांड्याचा ब्रश आणि तेच व्हिनेगरचं पाणी. शेवटी मी बादलीभर पाण्यात थोडा टाकणखार विरघळवून फडक्याने सगळीकडे लावला, बुरशी पुन्हा धरू नये म्हणून.

सगळ्यात अवघड भाग वाळवण्याचा. कापड दोन तासांत कोरडं लागतं, पण जाड शिवणी, कोपऱ्यांचे पट्टे आणि सुताचे दोर आतून ओलेच असतात. मामांचा तंबू गच्चीवर तीन दिवस उभा होता, रात्री आत घ्यायचो. चौथ्या दिवशी शिवण गालाला लावून बघितली. गार लागली नाही तेव्हाच घडी घातली. नायलॉनला मात्र इतकं ऊन नको. तास-दोन तास ऊन पुरे, पुढचं सावलीत, वाऱ्यावर. उन्हाने नायलॉनचा धागा कमकुवत होतो.

धुतल्यावर कॅनव्हास पाणी धरेल का, ही सगळ्यांची शंका असते. सुती धागा ओला झाला की फुगतो आणि विणीची भोकं बुजतात, जुने तंबू याच जोरावर पाऊस झेलायचे. "आतून बोट लावू नका रे!" असं मामा रात्रभर ओरडायचे. ओल्या कॅनव्हासला आतून जिथे स्पर्श होतो तिथून पाणी ठिबकायला लागतं. लहानपणी आम्हाला ती मामांची शिस्त वाटायची. जास्त खात्री हवी असेल तर साबणाच्या पाण्यात भिजवून मग तुरटीच्या पाण्यात बुडवायची जुनी रीत आहे. दोन्ही मिळून धाग्यात पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो. मी केलं, थेंब घरंगळू लागले. पण हा थर कायमचा नाही, काही पावसांनी पुन्हा करावा लागतो. जवसाचं तेल लावायचा सल्ला कुणी दिला तर जपून. तेलात भिजलेली फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

दुसरा पर्याय: फुटलेला लेप काढून नवा देणं

हा पर्याय वाचायला सोपा वाटतो. मी त्यात तीन संध्याकाळी घालवल्या आणि छताची एकच बाजू झाली.

रात्रभर कोमट साबणाच्या पाण्यात भिजवायचं, सकाळी ब्रशने घासायचं. सैल झालेला लेप पापुद्र्यांनी सुटतो, टबातलं पाणी गढूळ होतं, आणि त्या ओकारीच्या वासाची खरी ताकद तेव्हा कळते. जो थर सुटत नाही त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून घासावं लागतं, गच्चीवरच, विस्तवापासून लांब. लेप निघाल्यावर हातात जे कापड राहतं ते ओढणीइतकं पातळ असतं.

मग नवा लेप. हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन सीलंट टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने लावतात. मी सिलिकॉनच्या एका भागाला टर्पेंटाइनचे पाच भाग घेतले होते. यात एक पेच आहे. जिथे जुना लेप शिल्लक आहे तिथे सिलिकॉन नीट धरत नाही, आणि एकदा सिलिकॉन लावलं की त्यावर पुढे सिलिकॉनशिवाय काहीच चिकटत नाही, शिवणीच्या पट्ट्यासुद्धा नाहीत. म्हणजे काढायचा तर सगळा काढा, नाहीतर हात लावू नका. लेप फक्त खालच्या जमिनीच्या भागाचा गेला असेल, तर हे सगळं न करता खाली साधी ताडपत्री अंथरा.

माझा सल्ला: छत लहान असेल, कापड उन्हाने विरलेलं नसेल आणि तुम्हाला असं चिवट काम आवडत असेल, तरच यात पडा. मी थांबले, कारण घासताना वरच्या कण्याजवळ कापड विरून बोट आरपार गेलं. तिथेच वर्षानुवर्षं ऊन बसलं होतं.

तिसरा पर्याय: छत नवं, बाकी तंबू तोच

हे मला आधी सुचलंच नव्हतं. आतल्या तंबूच्या भिंतींना बहुधा लेप नसतो, श्वास घेणारं साधं नायलॉन असतं. तो धुऊन छान निघतो. पोल, खुंट्या, जाळी, जमीन सगळं तेच. बिघडलेलं असतं ते बाहेरचं छत.

पाणी अडवणारं रिपस्टॉप कापड (फाट पसरू नये म्हणून मध्ये मध्ये जाड धाग्यांच्या चौकटी विणलेलं) मीटरवर मिळतं. त्यावर पाण्याच्या दाबाचा आकडा असतो, म्हणजे किती मिलिमीटर उंच पाण्याचा दाब ते न गळता झेलतं. सह्याद्रीतल्या पावसासाठी मी 3000 मिमीचं घेतलं. शिवायला कपड्यांच्या शिंप्याकडे जाऊ नका, बॅगा किंवा गाड्यांची कव्हरं शिवणाऱ्याकडे जा. त्यांना जाड-निसरड्या कापडाची सवय असते. जुनं छत मापासाठी पूर्ण द्या आणि नवं अंगावर बसेपर्यंत ते कापू देऊ नका. टाचण्या लावू नका म्हणून सांगा, प्रत्येक भोकातून पाणी येतं. कपड्यांचे चिमटे चालतात. धागा पॉलिएस्टरचा, शिवण जीन्सच्या पायाला असते तशी दुमडून दुहेरी, आणि वरून शिवणीला सीलंट.

खर्च? कापड आणि शिलाई मिळून जवळजवळ नव्या साध्या तंबूइतकाच येतो, हे स्पष्ट सांगते. दोन माणसांचा साधा नवा तंबू तीन-चार हजारांत मिळतो. पैशाच्या हिशेबात हा पर्याय बसत नाही. पण झोपताना डोक्यावर तीच जाळी दिसते, चेन तशीच मध्ये अडकते. (चेन अडकत असेल तर अख्खी बदलू नका. बहुतेक वेळा स्लायडर झिजलेला असतो, बॅगवाला तो काही मिनिटांत बदलून देतो.) माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

लाँड्रीला देण्याचा विचारही मी केला होता. ड्रायक्लीनिंगची रसायनं लेपाला मारक असतात, आणि इतका वास असलेली वस्तू बहुतेक जण घेतही नाहीत. तो पर्याय सोडून द्या.

चौथा पर्याय: तंबू म्हणून न वापरता जपणं

कापड कुजलेलं असेल किंवा शिवणींत आतपर्यंत काळी बुरशी असेल, तर त्यात लहान मुलांना झोपवू नका, आठवण कितीही मोठी असली तरी. पण म्हणून सगळं फेकायला हवं असंही नाही.

आमच्या जुन्या छतावर एक निळं ठिगळ होतं. राजमाचीला स्टोव्हची ठिणगी उडून भोक पडलं, तेव्हा बाबांनी स्वतःच्या रेनकोटचा तुकडा कापून दाभणाने शिवला होता. टाके वाकडे, शेवटची गाठ मोठी. लेप गेलेल्या त्या छताला आता नुसतं गुंडाळून ठेवण्यातही अर्थ नव्हता, कारण वास घरभर पसरत होता. मी ठिगळाभोवतीचा हातभर चौकोन कापला, अल्कोहोलने लेप पूर्ण काढला, धुतला आणि नव्या छताच्या आतल्या बाजूला, दाराच्या वर, टाचून घेतला. बाहेरून लावला असता तर शिवणीतून पाणी आलं असतं, म्हणून आत, दुहेरी पट्टीवर. बाबांनी बघितलं आणि बराच वेळ बोट त्या गाठीवर ठेवून होते.

मजबूत कॅनव्हासच्या चांगल्या पिशव्या होतात, गाडीत सामानाखाली अंथरायलाही तो उत्तम. गोधडीत मात्र घालू नका, जड होते आणि अंगाला टोचते.

मी असते तर

कॅनव्हास, ओढून न फाटणारा: धुवा, दुसरा विचार नको. नायलॉन, कुबट वास, अंगठा न चिकटणारा: धुवा. नायलॉन, आंबूस आणि चिकट, पण वर्षातून दोन-तीनदा खरंच बाहेर पडणारं घर: नवं छत शिवा. तोच तंबू, पण घरात आता कुणी मुक्कामाला जात नसेल: तुम्हाला जो भाग आठवतो तो कापून, लेप काढून ठेवा, बाकीचं जाऊ द्या. लेप काढून नवा देण्याचा उद्योग यांतल्या कुणालाही मी आधी सुचवणार नाही.

काहीही ठरवलं तरी मार्च ते मेच्या मध्यापर्यंत उरका. मृग लागला की जाड शिवण वाळत नाही, आणि अर्धवट वाळलेला तंबू आधीपेक्षा वाईट होतो. नंतर तो त्याच्या घट्ट पिशवीत कोंबू नका. आमचे दोन्ही तंबू आता जुन्या सुती उशांच्या अभ्र्यांत, सैल, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत, माळ्यावर नाहीत. दिवाळीनंतर एकदा गच्चीवर उघडतो, तेव्हा मामा अजूनही आतून बोट लावू देत नाहीत.