वालुकाश्मावर ९.८ मिमीचा रोप: हंगामभराच्या वापरानंतर

कडे चढण्यासाठी रोप (दोर) घेताना बहुतेक जण आधी लेबलवरचा ‘फॉल्स’चा, म्हणजे चाचणीत पडण्याचे किती झटके झेलले याचा, आकडा बघतात. माझा ९.८ मिमी जाडीचा, ६० मीटर, ड्राय ट्रीटमेंटवाला (पाणी शोषू नये म्हणून प्रक्रिया केलेला) सिंगल रोप, म्हणजे एकटाच वापरायचा. त्यावर हा आकडा ७ होता. वालुकाश्मावर चढणार असाल तर त्याच्यावर फार जाऊ नका. ती चाचणी ८० किलोचं वजन लावून, गोलसर धातूच्या कडेवरून होते आणि पाच फॉल झेलले तरी रोप पास. कड्यावर रोपाला खाते ती वाळू.

या दगडातले कण घासले की सुटतात, शीथच्या (रोपाच्या बाहेरच्या आवरणाच्या) विणीत जाऊन बसतात आणि मग बिले देताना, म्हणजे चढणाऱ्याचा रोप खालून सांभाळताना, रोप सरकला की पॉलिश पेपर फिरवल्यासारखं काम चालू होतं. परिणाम सगळीकडे सारखा नाही. मधला भाग अजून छान आहे. टोकाकडचे दोन-तीन मीटर, जिथे गाठ बसते आणि झटके येतात, तिथे लव सुटली आहे. बिले डिव्हाइसही (रोप अडवायचं साधन) झिजतं, हात काळे होतात ते त्याच्याच ॲल्युमिनियममुळे. अँकरच्या (वर रोप अडकवायच्या जागेच्या) कॅराबिनरमध्ये, म्हणजे उघडमीट होणाऱ्या धातूच्या कडीत, खाच पडून तिची कड धारदार झालीये का, हे बोट फिरवून बघत जा. तसा कॅराबिनर रोप कापू शकतो. मी तिथे आता स्टीलचाच लावतो.

ड्राय ट्रीटमेंटचे पैसे वसूल झाले का? अर्धेच. ओला वालुकाश्म कमकुवत होतो, होल्ड (हातापायांच्या पकडी) तुटतात, त्यामुळे पावसानंतर दगड आतून वाळेपर्यंत चढायचंच नसतं. म्हणजे पाण्यासाठी तिचा उपयोग कमीच. नवी होती तोवर माती कमी चिकटायची, एवढं खरं.

रोप खाली ताडपत्रीवरच ठेवतो. धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण, वाळवायचा सावलीत. बादलीच्या तळाशी साचलेली वाळू एकदा बघाच, पुढच्या वेळी धुवायला कंटाळा येणार नाही. धुतल्यावर थोडा कडक झाला, पण वापरात पुन्हा सैल पडला.

आता टोकं कापायची वेळ आली आहे. दोन्हीकडून सारखीच कापायची, नाहीतर मधली खूण फसवते. नवी लांबी टेपवर लिहून टोकाला लावायची आणि खाली उतरवताना दुसऱ्या टोकाला गाठ मारायचीच.

पुन्हा घेईन का? हाच, पण ७० मीटरचा, म्हणजे कापायला जागा राहते. ९.२ मिमीचे हलके रोप मोह घालतात. या दगडासाठी मात्र लेबलवर शीथचं प्रमाण जास्त असलेलाच बघा.